सांडव्याची वाट

अजिंठ्याच्या डोंगररांगेवर पडणारा पाऊस दोन समुद्रांच्या वाटा धरतो. उत्तरेच्या अंगास पडलेले पाणी लेण्यांच्या पायथ्याशी नालेच्या आकाराचा वळसा घेणाऱ्या वाघूर नदीतून तापीस मिळते आणि पश्चिमेकडे जाते. दक्षिणेच्या अंगास, सिल्लोडच्या पठारावर पडलेले पाणी खेळणा, अंजना, गिरजा अशा लहान नद्यांतून पूर्णेस व पूर्णेमार्गे गोदावरीस मिळून पूर्वसमुद्र गाठते. ह्यांपैकी खेळणा ही तीच नदी, जिच्या काठी २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईचे युद्ध झाले. त्या युद्धातील इंग्रज फौजेचे जखमी लोक पुढे अजिंठ्यास आणून ठेवण्यात आले होते. इतिहासात नाव मिळविलेली ही नदी पाण्याच्या बाबतीत मात्र दरिद्रीच. चार महिन्यांच्या पावसावर बारा महिने काढावयाचे, हा ह्या मुलखाचा जुना हिशेब आहे.

लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंनी तो हिशेब कातळात पाण्याची टाकी खोदून सोडविला. पठारावरच्या शेतकऱ्यास कातळ खोदणे परवडणारे नव्हते. त्याच्यापाशी काळी माती होती, मुरूम होता आणि उन्हाळ्यात रिकामे हात होते. ओढ्याच्या आडवी माती टाकून पाणी अडवावयाचे, हा त्याचा मार्ग. आज ह्या पठारावर खेळणा आणि अजिंठा-अंधारी हे मध्यम प्रकल्प आहेत आणि गावोगाव त्यांची लहान भावंडे म्हणावीत असे लघुतलाव व पाझर तलाव आहेत. बहुतेक सर्वांची भिंत मातीचीच.

श्रावणाच्या सुमारास हे तलाव भरतात आणि मग तेथे माणसे जमतात. कुणी लेणी पाहून परतताना मोटार थांबवितो, कुणी मुलाबाळांसह शिदोरी घेऊन बांधावर येऊन बसतो, तरुण मंडळी पाण्यात उड्या टाकतात. शहरातही तेच. छत्रपती संभाजीनगरचा हर्सूल तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला की पाहणारांची रीघ लागते. पाणी दुर्मिळ असलेल्या प्रदेशात भरलेले तळे पाहणे हा एक सोहळाच असतो आणि त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. अशा वेळी बांधावर माणसे सुरक्षित आहेत काय, असा प्रश्न वर्तमानपत्रांतून विचारला जातो आणि तो रास्तच आहे. परंतु माणसांपासून बांध सुरक्षित आहे काय, हा प्रश्न फारसा कुणी विचारीत नाही. इतिहासाने मात्र ह्या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे जागोजाग लिहून ठेविली आहेत.

ती उत्तरे समजण्यास मातीच्या बांधाची घडण थोडी ठाऊक असावी लागते. दिसावयास तो मातीचा लांबलचक ढीग दिसतो. वस्तुतः त्यात निरनिराळ्या मातींना निरनिराळी कामे नेमून दिलेली असतात. काळी चिकणमाती पाणी अडविण्यात पटाईत. पण उन्हात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून तिचा गाभा मधोमध घालतात व दोन्ही अंगांनी त्यावर मुरुमाचे कवच चढवितात. गाभ्याखाली पक्क्या थरापर्यंत चर खणून तोही काळ्या मातीने ठासून भरतात. पाण्याच्या अंगास लाटांचा मारा सोसण्यासाठी दगडांचे अस्तर असते. पलीकडच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा निचरा असतो, कारण कोणताही मातीचा बांध थोडाफार पाझरतोच. तो पाझर नितळ असेपर्यंत चिंतेचे कारण नसते. ज्या दिवशी पायथ्याचे पाणी गढूळ येऊ लागते, त्या दिवशी पाण्याबरोबर बांधाची माती बाहेर येत आहे असे समजावे. आत एक अदृश्य नळी तयार होत असते. ती मागे मागे पोखरत पाण्यापर्यंत पोहोचली की उरलेले काम काही घटकांचे असते.

ह्याहून मोठा शत्रू माथ्यावरून येतो. चांगल्या दगडी धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहिले तरी ते बहुधा तग धरते. मातीच्या माथ्यावरून मात्र वीत दोन वीत पाणी काही काळ वाहिले, तरी उतरणीची माती धुपत जाते, माथा खचतो, खचलेल्या जागी आणखी पाणी धावते आणि पाहता पाहता खिंडार पडते. हे टाळण्यासाठी बांधाच्या एका कडेस, शक्यतो कठीण जमिनीवर, माथ्याहून बऱ्याच खालच्या पातळीवर पाण्यास जाण्याची वाट ठेवलेली असते. हाच सांडवा. वर्षातून अकरा महिने ती जागा कोरडी, रुंद आणि निरुपयोगी दिसते. पाहणारास वाटते, एवढी जागा फुकट का घालविली? बांधाचे सारे आयुष्य त्या फुकट घालविलेल्या जागेवर अवलंबून असते, हे पुराच्या रात्रीच कळते.

ही विद्या आपल्या देशात जुनी आहे. अजिंठ्याची पहिली लेणी खोदली जाण्याच्याही पूर्वी, चंद्रगुप्त मौर्याच्या काळी, सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी पुष्यगुप्त नावाच्या अधिकाऱ्याने एक तलाव बांधविला. अशोकाच्या अमदानीत तुषास्फ ह्या यवन अधिकाऱ्याने त्यास पाणी नेण्याचे पाट जोडले. तलावाचे नाव सुदर्शन, म्हणजे पाहावयास सुंदर. नावावरूनच दिसते की त्या पाण्याकडे लोक केवळ शेतीच्या नजरेने पाहत नव्हते. महाक्षत्रप रुद्रदामन् ह्याने तेथील खडकावर कोरविलेल्या लेखात सांगितले आहे की शके ७२ मध्ये, म्हणजे इ. स. १५० च्या सुमारास, मार्गशीर्ष महिन्यात भयंकर वादळी पाऊस झाला, डोंगरातून येणाऱ्या नद्यांना प्रलयासारखा पूर आला आणि सर्व उपाय योजूनही बांधास ४२० हात लांब, तितकेच रुंद व ७५ हात खोल असे खिंडार पडले. सारे पाणी निघून गेले आणि सुदर्शन दुर्दर्शन झाले, अशी कोटीही लेखकर्त्याने त्या दुःखात साधली आहे.

लेखातील पुढची हकीगत अधिक बोलकी आहे. खिंडार एवढे मोठे, की राजाच्या मंत्र्यांनी दुरुस्तीचा नाद सोडून द्यावा असा सल्ला दिला. बांध पुन्हा होणार नाही असे समजून प्रजेत हाहाकार उडाला. तेव्हा सुविशाख ह्या पल्हव अधिकाऱ्याने ते काम अंगावर घेतले. नवा बांध जुन्याच्या तिप्पट मजबूत झाला आणि त्याचा खर्च प्रजेवर कर किंवा वेठ न लादता राजाने स्वतःच्या कोशातून केला, असे लेख सांगतो. राजांच्या लेखांत आत्मस्तुती पुष्कळ असते, हे खरे. पण एका तळ्याच्या डागडुजीस आपल्या दिग्विजयाच्या शेजारी जागा देणारा राजा विरळा. ज्या सातकर्णीस दोनदा जिंकून सोडून दिल्याची प्रौढी रुद्रदामनाने ह्याच लेखात मिरविली आहे, तो दक्षिणापथाचा, म्हणजे ह्याच आपल्या मुलखाचा स्वामी होता. इ. स. ४५५ च्या सुमारास, अजिंठ्याच्या दुसऱ्या कालखंडातील लेणी कोरली जाण्यास थोडीच वर्षे उरली असता, हा बांध पुन्हा फुटला आणि स्कंदगुप्ताच्या काळी चक्रपालिताने तो पुन्हा बांधला. म्हणजे एका मातीच्या बांधास जवळजवळ आठ शतके जगविण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडे पाहणारी माणसे लागली.

मातीच्या बांधाचे मर्म ओळखणारा दुसरा मोठा पुरुष अजिंठ्याच्या अधिक जवळचा आहे. मलिक अंबराने १६१० साली खडकी वसविली. तीच पुढे औरंगाबाद झाली आणि आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखली जाते. डोंगरातील झऱ्यांचे पाणी जमिनीखालच्या नहरीने त्याने ह्या नगरीत खेळविले, ते कौतुक सर्वांच्या परिचयाचे आहे. पाणी आणावे कसे हे ज्यास ठाऊक, त्यास ते सोडावे कसे हेही ठाऊक असते. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीस मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र होऊन त्याच्यावर चालून आल्या. तेथे निजामशाहीचा वजीर सलाबतखान ह्याच्या काळचा तलाव होता. अंबराने त्याचा बांध फोडला, शत्रूच्या छावणीच्या वाटा चिखलात बुडविल्या आणि गोंधळलेल्या फौजेवर घाला घालून जय मिळविला. शहाजीराजे ह्या लढाईत अंबराच्या बाजूने लढले व त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. शिवचरित्राचे वाचक ही लढाई जाणतात; तळ्याची बाजू मात्र सहसा कुणी ध्यानात घेत नाही. एका लहानशा बांधामागे साठलेल्या पाण्यात एका लष्करास अडविण्याची शक्ती असते, ती शक्ती अंबराने बुद्ध्या मोकळी केली. इतरत्र ती अजाणता मोकळी झाली आहे, आणि तिची कहाणी अधिक करुण आहे.

तळ्याकाठी मन रमविण्याची हौस राजेरजवाड्यांनाही होती. पुण्यास नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याचे पाणी अडवून तळे केले, त्यात बेट ठेविले आणि बेटावर बाग केली, तीच सारसबाग. ह्या हौशीने बांधाचे काही बिघडत नाही. बिघडते ते हौसेच्या सोयीसाठी बांधात फेरफार करू लागल्यावर. ह्याचे सर्वांत भयंकर उदाहरण अमेरिकेतील आहे.

पेनसिल्व्हेनिया संस्थानात जॉन्सटाउन नावाचे पोलादाच्या कारखान्यांचे गाव आहे. त्याच्या वरच्या अंगास सुमारे १४ मैलांवर कालव्यास पाणी पुरविण्यासाठी सरकारने एक मातीचे धरण बांधले होते. उंची ७२ फूट. आगगाडी आली, कालवा निकामी झाला आणि धरण खाजगी हातांत गेले. मधल्या एका मालकाने तळाशी पाणी सोडण्यासाठी बसविलेले लोखंडी नळ काढून विकून टाकले. १८७९ साली पिट्सबर्गच्या धनिकांनी ती जागा मासेमारी व शिकारीच्या क्लबासाठी घेतली. अँड्र्यू कार्नेगी व हेन्री फ्रिक हे पोलादसम्राट त्याचे सभासद होते. तळ्याकाठी बंगले उठले, शिडाच्या नावा फिरू लागल्या. बांधाच्या माथ्यावरून घोडागाड्या नीट जाव्यात म्हणून माथा काही फूट उतरवून रुंद करण्यात आला. तळ्यात सोडलेले महागाचे मासे सांडव्यातून वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी जाळ्या बसविण्यात आल्या. काढलेले नळ पुन्हा बसविण्यात आले नाहीत.

ह्या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाहिल्या तर क्षुल्लक वाटतात. गाडी जावी, मासे राहावेत, खर्च वाचावा. ह्यांत दुष्टपणा कोठेच नाही. पण माथा उतरविल्याने पाणी चढण्यास उरलेले अंतर कमी झाले, जाळ्यांनी सांडव्याची वाट अरुंद केली आणि नळ नसल्यामुळे तळ्याची पातळी उतरविण्याचे साधनच उरले नाही. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टी झाली. जाळ्यांत पाला व ओंडके अडकले, तळे भरभर चढले. मजुरांनी माथ्यावर माती टाकण्याची, दुसऱ्या कडेस नवी वाट खणण्याची धडपड केली. पण पाणी माथ्याच्या मधोमध खचलेल्या भागावरून वाहू लागले आणि दुपारी तीनच्या सुमारास बांध गेला. तासाभराने ते पाणी जॉन्सटाउनवर कोसळले. २,२०० हून अधिक माणसे मेली. त्यांतील फारच थोड्यांनी ते तळे कधी पाहिले असेल. क्लबावर झालेल्या दाव्यांतून मृतांच्या आप्तांस काहीही मिळाले नाही. कोर्टाने त्यास दैवी आपत्ती मानले.

असले काही आपल्याकडे घडावयाचे नाही असे ज्यास वाटत असेल, त्याने नागपूरपर्यंत जावे. नाग नदीवरचा अंबाझरी तलाव हाही मातीच्या बांधाचा. १८७० नंतर त्याच्यावरून नळाचे पाणी नागपुरास मिळू लागले आणि पुढे कित्येक वर्षे शहराची तहान त्याने भागविली. पिण्याच्या पाण्याची सोय दुसरीकडून झाली तसे त्याचे महत्त्व उपयुक्ततेकडून विरंगुळ्याकडे वळले. १९५८ मध्ये बांधाच्या पायथ्याशी उद्यान झाले. सकाळी फिरावयास जाणारे, नौकाविहार करणारे, संध्याकाळी भेळ खाणारे नागपूरकर ह्यांचे ते आवडते ठिकाण बनले. बांधाच्या खालच्या अंगास, नदीच्या काठाकाठाने वसाहती उभ्या राहिल्या. सांडव्याच्या पुढ्यात स्वामी विवेकानंदांचे स्मारक उभारले गेले. पूज्य पुरुषाचे स्मारक आणि रम्य जागा, दोन्ही गोष्टी निर्दोष. पण ती जागा पाण्याची होती.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरावर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. काही तासांत १०० मिलीमीटरहून अधिक पाणी पडले. अंबाझरी भरून वाहू लागला आणि सांडव्यावरून निघालेले पाणी झोपेत असलेल्या वसाहतींत शिरले. माणसांना होड्यांतून बाहेर काढावे लागले, सैन्याचे जवान बोलवावे लागले, काही जणांचे प्राण गेले आणि सुमारे १०,००० घरांस झळ पोहोचली. मातीचा बांध त्या पहाटे टिकला, हे नागपूरचे भाग्य. स्मारकामुळे सांडव्याच्या प्रवाहास अडथळा होतो, असा आक्षेप घेऊन पूरग्रस्त नागरिक मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. बांध बळकट करणे, सांडव्यास दारे बसविणे ह्या गोष्टींची चर्चा तेव्हापासून नेटाने सुरू झाली. दोष कुणाचा व किती हे ठरविणे न्यायालयाचे काम. परंतु जॉन्सटाउनच्या जाळ्या आणि अंबाझरीचे स्मारक ह्यांत एक साम्य आहे: सांडव्याची जागा रिकामी आहे, तेव्हा ती दुसऱ्या कामास घ्यावी, असे दोन्ही ठिकाणी कुणास तरी वाटले.

मोठ्या शहराच्या तलावाकडे निदान वर्तमानपत्रांचे लक्ष असते. सिल्लोड, भोकरदन, सोयगाव अशा तालुक्यांतील आडगावच्या तळ्याचे काय? मराठवाड्यातील पुष्कळ पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर बांधले गेले. पोटासाठी आलेल्या हजारो हातांनी टोपल्या टोपल्यांनी माती वाहून ते उभे केले. ती कामगिरी थोर होती. तिने माणसेही जगविली आणि विहिरींनाही पाणी आणले. पण पाझर तलावाचा हेतूच पाणी जमिनीत मुरविणे हा असल्यामुळे त्यास बहुधा पाणी सोडण्याची विहीर किंवा दरवाजा नसतो. संकटकाळी पातळी उतरविण्याचे साधन ज्यातून काढून घेतले गेले होते, त्या जॉन्सटाउनच्या धरणाची जी गत, तीच येथे जन्मतःच आहे. येथे जी काही भिस्त आहे ती एकट्या सांडव्यावर. आणि गावचा सांडवा म्हणजे बहुधा गुरांची वाट, मुरूम नेण्याची खाण, किंवा शेजारच्या शेताचा हळूहळू पुढे सरकणारा बांध.

अशा धरणांचे काय होऊ शकते हे २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात दिसले. चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि पायथ्याच्या वाडीतील वीसहून अधिक माणसे झोपण्याच्या वेळी वाहून गेली. धरण बांधून वीस वर्षेही झाली नव्हती. गळती होत असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधी केलेल्या होत्या. दुर्घटनेनंतर, खेकड्यांनी धरण पोखरले, असा खुलासा राज्याच्या एका मंत्र्यांच्या तोंडून बाहेर पडला आणि त्याची महाराष्ट्रभर टर उडाली. टर उडाली ती योग्यच. परंतु खेकडे, घुशी आणि बाभळीची मुळे बांध पोखरतात ही गोष्ट खोटी नाही. म्हणूनच तर दर पावसाळ्यापूर्वी बिळे बुजवावयाची, झुडपे मुळासकट काढावयाची आणि बांधाचा उतार पाहून ठेवावयाचा, असा शिरस्ता घालून दिलेला आहे. खेकड्याने पोखरले असेल, तर ते पाहावयास कोण गेले होते, एवढाच प्रश्न उरतो.

सरकारी यंत्रणा नाही असे नाही. नाशिक येथे १९८० पासून धरण सुरक्षितता संघटना आहे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर धरणांची तपासणी करण्याची पद्धत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राचा धरण सुरक्षा कायदाही झाला. मात्र हा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी लांबी, साठा वगैरे काही अटींत बसणाऱ्यांना लागू आहे. त्याहून ठेंगणे बांध त्याच्या कक्षेबाहेर राहतात. कायद्यास कोठे तरी रेषा ओढावीच लागते. पण आठ मीटरच्या बांधाखाली वाडी असेल, तर त्या वाडीच्या दृष्टीने तो बांध लहान नसतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे येणाऱ्या माणसांच्या जिवाकडे. लोणावळ्याजवळचे भुशी धरण रेल्वेच्या इंजिनांस पाणी पुरविण्यासाठी बांधले गेले. ते दगडी आहे आणि त्याच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात बसणे हा मुंबई-पुण्याच्या तीन-चार पिढ्यांचा पावसाळी छंद. त्या छंदाने सबंध महाराष्ट्रास असे वाटावयास लावले आहे की धरणाचा सांडवा ही बसावयाचीच जागा आहे. भुशीच्या परिसरातही पाणी केव्हा चढेल ह्याचा नेम नसतो. ३० जून २०२४ रोजी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण, त्यांत लहान मुले, लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेले. पठारावरच्या मातीच्या तळ्यांत तर आणखी निराळी भये आहेत. बांधासाठी माती तळ्याच्याच पोटातून उचललेली असते. पुढे गाळही तेथूनच काढतात. त्यामुळे तळ सपाट नसतो. कमरेएवढ्या पाण्यातून चालणारा मुलगा एका पावलात दोन पुरुष खोल खड्ड्यात जातो. अस्तराचे दगड शेवाळाने निसरडे झालेले असतात आणि त्यांवरून घसरलेल्यास वर चढावयास काही धरण्याजोगे नसते. पाणी सोडण्याच्या विहिरीजवळ दरवाजा उघडा असेल तेव्हा खालून ओढ असते, ती वरून दिसत नाही. चांगले पोहता येणाऱ्यांस ही सर्व माहिती असतेच असे नाही; नदीत पोहावयास शिकलेल्यास तळे फसविते.

तथापि लोकांना तळ्यापासून हाकलून लावावे, हा ह्यावरचा उपाय दिसत नाही. मराठीत म्हण आहे, तळे राखील तो पाणी चाखील. ती नेहमी उपहासाने वापरतात, राखणदाराच्या हातचलाखीस उद्देशून. तिचा उलटा अर्थही घेण्याजोगा आहे. जो पाणी चाखावयास येतो, तोच तळे राखू शकतो. तिवऱ्यास गळती प्रथम पाहिली ती गावकऱ्यांनी. अभियंता वर्षातून दोनदा येईल. पण रोज सकाळी बांधावरून फिरणारा सेवानिवृत्त शिक्षक, गुरे वळणारा पोरगा, मासे धरणारा भोई ह्यांची नजर रोजची असते. काल कोरडा असलेला पायथा आज ओला का, माथ्यावर ही लांबट भेग केव्हा पडली, ह्या कोपऱ्यात जमीन बसल्यासारखी का दिसते, हे त्यांना आधी दिसते. अंबाझरीस फिरावयास येणारांनीच अनेकदा बांधाविषयी आवाज उठविला आहे. ज्या तळ्यावर माणसे जातच नाहीत, ते तळे निर्धास्त नसते. ते केवळ बेवारस असते.

फेरफटक्यासाठी बांधावर पायवाट असावी, पण झाडे लावू नयेत. सावलीच्या मोहाने लावलेल्या झाडाची मुळे गाभ्यापर्यंत जातात आणि झाड मेल्यावर त्यांच्या जागी पोकळ्या राहतात. बाके, उपाहारगृहे, मुलांचे झोपाळे हवेत तर ते तळ्याच्या काठच्या उंच जमिनीवर असावेत. बांधाच्या उतारावर किंवा सांडव्याच्या पात्रात असू नयेत. नावा फिरवावयाच्या तर त्या बांधापासून व विहिरीपासून दूर. ह्यात खर्चाचे काही नाही, जागा निवडण्याचा विवेक मात्र आहे. पैठणास जायकवाडीच्या प्रचंड मातीच्या धरणाजवळ ज्ञानेश्वर उद्यान आहे आणि लाखो माणसे ते पाहून आली आहेत. धरण आणि उद्यान शेजारी नांदू शकतात. पण तेथे धरणावर पहारा आहे, दरवाजे हलविणारी माणसे आहेत. अजिंठ्याच्या वाटेवरच्या तळ्यावर यांपैकी कुणी नसते.

मृगाच्या आधी पठारावर वारे सुटतात आणि तळी तळास गेलेली असतात. सांडव्याच्या पात्रात टणटणी आणि बाभळी माजलेल्या दिसतात, कुणी तेथे कडब्याची गंजी रचलेली असते. ती हलविण्याचे ते दिवस. भाद्रपदात त्याच जागेवरून पाणी वाहू लागेल, शहरातून मोटारी येतील, मुले पाण्यात पाय सोडून बसतील. पोहण्यास मनाई आहे, अशी पाटी पुष्कळ तळ्यांवर लावलेली असते आणि तिच्याच आधाराने कपडे वाळत घातलेले असतात. बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी दिसल्यास कोणास व कोठे कळवावे, हे सांगणारी पाटी मात्र क्वचितच आढळते.